गुळाच्या काहिलीतून

सुमितनं तेजश्रीला पहिल्यांदा पाहिलं ते पोह्यांच्या बशीमागं. दुसऱ्यांदा, महिन्याभरानं, उजनी धरणाच्या फुगवट्यावर — गुळाच्या काहिलीत! काहील म्हणजे उसाचा रस आटवायची अवाढव्य लोखंडी कढई. तेजश्रीच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ बंद पडलं आणि काहील होडी म्हणून पाण्यात आली. बारामतीच्या कॉलेजच्या पक्षी-पाहणीसाठी ती लव्हाळ्यातली घरटी शोधत हिंडत होती. हा लोणी भापकरहून रोहित पक्षी बघायला आला होता. मधल्या महिन्यात त्याच्या वडिलांनी, आबांनी, नकार कळवला होता.

“बसता का?” ती म्हणाली. “पक्षी आत हायत.”

त्याच मुलीला दुसऱ्यांदा नाही म्हणणं बरं दिसेना. तो बसला आणि दोन्ही हातांनी कड घट्ट धरली.

पाणकणसं अंगाला घासू लागली. काठ दिसेनासा झाला तसं तिनं वल्हं थांबवलं.

“आपली पत्रिका जुळत न्हाय म्हणं.”

“आबांनी... तसं कळवलं.”

“काढली कुणी?”

सुमित पाण्याकडं बघू लागला. दोन्ही घरं आजोबांच्या काळापासून बौद्ध; पत्रिका औषधालाही नव्हती.

“खरं कारण काय?”

“मुलगी पाण्यात हिंडती, घरात टिकायची न्हाय, म्हणले.”

“आणि तुमी?”

“मला कुणी विचारलंच न्हाय.”

“मलापण न्हाय. मी निदान रडले तरी.”

बसची वेळ सांगावी तसं तिनं हे सांगितलं.

“उद्या कळंबला मुलगी बघायला जायचंय,” तो म्हणाला. अशा वेळी काय बोलू नये, हे केमिस्ट्रीच्या पदवीत शिकवत नाहीत.

“जावा की.”

“न्हाय जात.”

“आबांना कारण काय सांगाल?”

“खरं. म्हंजे... मुलगी पसंत हाय. कळंबची न्हाय.” तो तिच्याकडं बघायला धजला. “तिला मी पसंत हाय का, तेवढं विचारायचं राहिलंय.”

तेजश्री हसली नाही. पण हसू आवरताना तिची हनुवटी हलली.

“आधी कड सोडा. मग सांगते.”

त्यानं एक हात सोडला. बराच विचार करून दुसराही. काहील डुलली, लव्हाळ्यातून बदकं फडफडत उठली. तिनं त्याच्या मोकळ्या हातात वल्हं दिलं आणि पाय पसरून निवांत बसली.

“सांगताय ना?”

“सांगितलं की.”

सुमितनं जोर लावला. काहील जागच्या जागी गोल फिरू लागली. काठ कुठल्या बाजूला, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.