मागची सवारी

देगलूर नाक्याच्या स्टँडवर अजहरच्या थट्टेशिवाय कुणाला चहा गोड लागत नसे. अशा माणसाचा रिकामा ऑटो पुलाच्या चढाला धापा टाकू लागला, तर खोट ऑटोतच असणार. मेकॅनिक विनोदनं ब्रेक सैल केले, क्लच पाहिला, स्वतः एक चक्कर मारून आला.

"गाडी फर्स्टक्लास हाय, अजहरभाई. तुम्हीच थकून राहिलात."

थकवा म्हणावा तर तसंही नव्हतं. जेवणाला चव लागत नव्हती, झोपून उठलं तरी अंग ठेचल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. एक दिवस ऑटो घरी ठेवून तो पायी निघाला, तर पायही तसेच जड. पण कुणी विचारलं की जुनाच किस्सा आपसूक तोंडातून निघायचा आणि सगळे हसायचे. हसणाऱ्यांना कसं सांगायचं, की बाबांनो, मला आत काहीच वाटत नाही?

मग एका सकाळी स्टेशनसमोर भाजीवाल्या विठाबाईंनी हात केला. त्याची रोजची सवारी. पाटी आत ठेवता ठेवता त्या एकदम मागे सरकल्या.

"न्हाई बाबा. तुझा ऑटो तर भरल्याला हाय."

अजहरनं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. पण सीटचं रेक्झिन मधोमध दबलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते आणखी खाली गेलं.

त्यानं घाईनं तोंड फिरवून ऑटो सुरू केला. मग दिवसभर मानेवर कुणाचा तरी संथ श्वास लागत राहिला. खरी भीती मात्र वेगळीच होती. त्या श्वासाची त्याला सवय होत चालली होती. दुपारी त्यानं ठरवलं, बस्स, आज उमैमाला सगळं सांगायचं. बायको आहे, हसणार नाही. तिला सांगितलं की सुटलो.

घरी निघाला, तर गोदावरीच्या पुलावर ऑटो अचानक हलका झाला.

त्यानं आरशात पाहिलं. ड्रायव्हरचे डोळे दिसले. त्याचेच डोळे होते. फक्त आरसा आता लांब होता, हँडलही लांब होतं, आणि अजहर मागच्या सीटवर बसलेला होता.

त्यानं ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

उतरायला पाय उचलू पाहिला. पाय उचलेना.

ऑटो घरापाशी थांबला, तेव्हा दारात उमैमा वाट पाहत उभी होती.

"इत्ते दिन से पूछूं पूछूं कर रई थी," ती ड्रायव्हरला म्हणाली. "तबियत ठीक है ना तुम्हारी?"

"हौ, एकदम ठीक," पुढे बसलेला तो अजहरच्या आवाजात म्हणाला आणि तोच जुना किस्सा सांगू लागला. उमैमा खळखळून हसली. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं अजहरला स्पष्ट दिसलं.

पुढचा उतरून घरात गेला.

उमैमानं फडकं आणलं. रेक्झिन पुसलं, सीटचाच भाग असल्यासारखे अजहरचे गुडघेही पुसले, आणि गुणगुणत आत निघून गेली.