चष्म्याच्या दुकानातली बारीक अक्षरं

तो पहिल्यांदा आला तेव्हा तिने त्याला गिऱ्हाईक समजून थेट डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. त्यानेही मुकाट्याने तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचली, आणि मग म्हणाला की तो कॉम्प्युटर दुरुस्तीला आलाय. तिचे कान लालबुंद!

दुखणं चमत्कारिक होतं. गिऱ्हाइकांच्या नोंदींच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं मोठी केली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मुंगीएवढी. दुकान तिच्या मावशीचं. जगाला चष्मे देणाऱ्या बाईला स्वतःचाच स्क्रीन वाचता येईना, म्हणजे हसंच की.

त्याच्यासमोर मात्र सगळं शहाण्यासारखं चालायचं. त्याने प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला, तरी तेच. चौथ्या फेरीला मावशीने बजावलं, आज जमलं नाही तर उद्यापासून दुसरा माणूस. भाची मनातल्या मनात हिशोब करू लागली. जमलं तरी हा यायचा बंद, नाही जमलं तरी बंद... इकडे आड, तिकडे विहीर.

ती त्याच्या खांद्यामागे उभी राहून बघत होती.

"इतकं जवळून बघताय, नंबर आहे का तुम्हाला?"

"लांबचं स्वच्छ दिसतं," ती म्हणाली. "जवळचं... जरा अवघड जातंय."

तो हसला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. तेवढ्यात मावशी जेवायला निघाली आणि सवयीने भिंतीवरचं बटण खट्कन बंद करून गेली. स्क्रीन काळा. रोज संध्याकाळीही मावशी असंच करायची! आणि तोच तर सांगत होता, की हा प्रोग्रॅम नीट बंद केला तरच बदल लिहून ठेवतो.

गप्प बसावं? क्षणभर वाटलं खरं. पण मग दुसरा माणूस येणार, आणि याला काही येत नाही असं मावशी चार लोकांत सांगणार. तो आत आल्या आल्या तिने सांगून टाकलं.

त्याने कपाळावर हात मारला. प्रोग्रॅम नीट बंद केला, मग बटण. पुन्हा चालू... अक्षरं मोठीच!

तो बॅग भरू लागला, गरजेपेक्षा बराच सावकाश.

"म्हणजे माझं काम संपलं."

"हो. उद्या काहीच बिघडणार नाहीये." तिने थेट त्याच्याकडे बघितलं. "तरी या."

"आणि मावशींना काय सांगू?"

"मला भेटायला आलोय म्हणून सांगा."

बॅगेची चेन अर्ध्यातच थांबली.

"दुकान दहाला उघडतं ना?" तो हळूच म्हणाला. "मी साडेनऊला येतो."