पंधरा मिनिटांचा फेस

आमची पहिली भेट भांडणात झाली, आणि ते भांडणही त्याच्याशी नव्हतं. प्राण्यांच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी उभी राहून मी कंपाउंडरशी हुज्जत घालत होते. दोन बाटल्या शाम्पू संपला, तिसरी घ्यायला आले होते आणि पायाशी बसलेल्या माझ्या कुत्र्याची खाज तसूभरही कमी नव्हती. पोटाखालची कातडी लाल, पंजे चाटून चाटून ओले, कानामागचे केस गेलेले. हे औषध नाही, साबणाचं पाणी आहे, असं मी ठणकावून सांगत होते. कंपाउंडर छताकडे बघत होता.

"फेस किती वेळ ठेवता?" मागून कुणीतरी विचारलं.

वळून पाहिलं. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, शर्टभर मांजराचे केस, आणि नजर माझ्याकडे नाहीच... सरळ कुत्र्याकडे.

"फेस... ठेवायचा असतो?"

"दहा मिनिटं. नाहीतर औषध कातडीत जात नाही, गटारात जातं."

माझा चेहरा उतरला. दोन महिने मी इमानेइतबारे गटाराची खाज घालवत होते.

तो बदलीवरचा डॉक्टर होता. नेहमीच्या डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्या येईपर्यंत, म्हणजे अजून दीड महिना, हा त्यांच्या खुर्चीत बसणार होता. आणि माझ्याकडेही तेवढाच वेळ होता. कुत्र्याला मामाकडे पाठवायचं, असं आईनं ठरवलं होतं. मामाच्या घरामागे मोठं अंगण आहे, दीड महिन्यानं तो येईल आणि घेऊन जाईल. मी रडले, अबोला धरला, तिच्यावर काही परिणाम झाला नाही. बाबा जाऊन पाच महिने झाले होते, आणि हा कुत्रा बाबांचा होता. त्याचं नाव मॅनेजर. बाबा आयुष्यभर कारकून राहिले, म्हणायचे, निदान घरात तरी एक मॅनेजर असावा. तोही दिवसभर लोळायचा आणि सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायचा.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला खिडकीशी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी या, मी दाखवतो कसं करायचं.

दवाखान्याच्या मागे न्हाणीची खोली होती. पांढऱ्या फरश्या, एक टब, भिंतीत एक छोटी खिडकी आणि तिच्यात किल्लीचं टायमर. पाणी कोमट, गरम अजिबात नाही. फेस केसांच्या मुळापर्यंत बोटांनी पोचवायचा, आणि मग कुत्र्याला नुसतं धरून उभं राहायचं. चार हात फेसात बुडलेले. फोन घेता येत नाही, केस मागे सारता येत नाहीत. बोलण्याशिवाय करायला काही उरत नाही.

मग बोलत राहिलो. मी चष्म्याच्या दुकानात काम करते हे त्याला कळलं. तो बाटलीवरचं वाचताना हात लांब नेतो हे मला कळलं.

"तुम्हाला चष्मा लागलाय," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक शोधताय वाटतं?"

"शोधत नव्हते... सापडलं."

तो हसला, मॅनेजरनं अंग झाडलं आणि दोघांच्या चेहऱ्यावर फेस उडाला. पुसायला हात मोकळे नव्हते. तसेच उभे राहिलो, एकमेकांकडे बघत. मला त्या क्षणी फार सुखी वाटलं, आणि लगेच बाबांची आठवण येऊन अपराधीही वाटलं.

घरीही तो सांगेल तसं करत गेले. अंग टिपायचं, चोळायचं नाही. बोटांच्या बेचक्यात मलम लावलं की लगेच फिरायला न्यायचं, म्हणजे ते जिरेपर्यंत तो चाटत बसत नाही. परत आलं की ओल्या फडक्यानं पंजे पुसायचे. चौथ्या आठवड्यात पोटावरची लाली ओसरली. कानामागे मऊ लव आली. मी मोजत होते ते मात्र उरलेले शुक्रवार.

शेवटच्या शुक्रवारी त्यानं सांगितलं. पुढची बदली दुसऱ्या गावी, आठ तासांवर. ही अ‍ॅलर्जी मुळापासून जाणार नाही, म्हणाला. आटोक्यात राहील. आठवड्याला एक आंघोळ, जन्मभर.

"बाटलीवर दहा मिनिटं लिहिलंय," मी म्हणाले. "तुमचं टायमर पंधरा मिनिटांनी वाजतं."

त्यानं मान वर केली नाही. "कधी कळलं?"

"तिसऱ्या आंघोळीला. हातातलं घड्याळ काढून मी खिडकीत ठेवते ना... तिथून दिसतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"त्याला पाच मिनिटांनी काही अपाय नव्हता," तो हळूच म्हणाला. "मला दहा पुरत नव्हती."

फेसाखाली त्याचा हात माझ्या हातावर आला. टायमर वाजलं. आम्ही दोघांनीही हात काढला नाही. पण पाणी घालावंच लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो गेला.

पुढच्या शुक्रवारी घरच्या न्हाणीघरात मी एकटी पडले. पंधरा मिनिटं मॅनेजर एकाच्या हातात राहत नाही. शेवटी आईला हाक मारली. ती पदर खोचून आली, तिनं त्याचा पट्टा काढला आणि मानेला धरलं. मामा रविवारी येणार होता. मी घड्याळ खिडकीत ठेवलं.

दहा मिनिटांनी आई म्हणाली, "झाली वेळ. घाल पाणी."

"अजून पाच, आई."

आई थांबली. तिची बोटं फेसात फिरत राहिली.

"हा खाजवायचा ना, तेव्हा पट्टा वाजायचा," ती म्हणाली. "दिवसभर वाजायचा. दर वेळी मला वाटायचं, हे त्याला फिरवून आले. मी दाराकडे बघायचे. किती वेळा बघायचं एखाद्यानं?"

ती वास येतो म्हणायची, केस गळतात म्हणायची. हे कधीच म्हणाली नव्हती.

"आणि आता वाजत नाही, तर करमत नाही," ती म्हणाली. डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. "मामाला फोन करते. म्हणावं, नुसता ये, जेवून जा."

तेवढ्यात बाहेर माझा फोन वाजला. मी जागची हलले नाही, पण कान लाल झाले असावेत, कारण आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. हात धुतले, पुसले आणि ती बाहेर गेली.

"हो, घरीच आहे," तिचा आवाज आला. "मॅनेजरला धरून बसलीय. तुम्ही डॉक्टर ना?"

मग तिनं फोन आणून माझ्या कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"बोल," आई म्हणाली. "तीन मिनिटं आहेत अजून."