पन्नास जणांचं रक्त

लोहगट्टा खाणीच्या प्रयोगशाळेत डॉ. चारुलता सोनटक्के सकाळपासून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. चार दिवसांत अधिकारी वसाहतीतली नऊ माणसं पिवळी पडून दगावली होती. डोंगरावरच्या पाड्याची आरोग्यसेविका रैजी पुंगाटी धावत खाली आली होती. तिला एकच विचारायचं होतं: पोरीला घेऊन दूर पळावं का?

"पळून उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लोहचर धुळीबरोबर आपल्या सगळ्यांच्याच अंगात गेलाय."

लोहचर हा त्यांनीच घडवलेला जीवाणू. तो दगडातलं लोखंड खाऊन वेगळं करतो, सुरुंग लावावे लागत नाहीत. लोखंड विरळ असेल तिथे तो झोपून राहतो, दाट असेल तिथे जागा होतो. रक्तातही लोखंड असतं, म्हणून खाणीत सोडण्यापूर्वी पन्नास जणांच्या रक्तात तो घालून पाहिला होता. एकाही नमुन्यात तो जागा झाला नाही. अहवालात 'माणसाला निर्धोक' असं लिहिलं गेलं.

"ते पन्नास मीच पाड्यावरून आणले होते," रैजी म्हणाली. "बिस्किटाच्या पुड्यावर. तुमचे साहेब लोक सुईला भितात ना जी."

चूक तिथेच झाली होती. वीस वर्षं या डोंगराचं लोखंड जहाजं भरभरून गेलं, वसाहतीत बंगले उठले. पाड्यावरच्या रक्तात मात्र ते कधी पुरेसं आलंच नाही. तिथे जवळजवळ सगळ्यांचं हिमोग्लोबिन सात नाहीतर आठ. लोहचर जागा व्हायला अकरा लागतं. डॉक्टरांचं स्वतःचं तेरा होतं.

"म्हणजे पाड्यावर कोणी मरणार नाही?"

"अकराच्या खाली आहेत तोवर नाही."

बायका लोहाच्या गोळ्या थुंकून टाकतात, म्हणून वर्षभर रैजी समोर उभी राहून त्या गिळायला लावत होती. सुरुवात तिने घरापासून केली होती.

"सोमवारी पोरीचं साडेदहा भरलं," ती म्हणाली. "पाड्यात पहिलंच. मी गूळ वाटला."

गोळ्या आजच बंद करा, डॉक्टर म्हणाल्या. पालेभाजी नको, अंडी नकोत, नाचणीसुद्धा... आणि त्या थांबल्या.

"किती उपाशी ठेवू तिला? तेवढं सांगा जी."