दरफाळणीच्या आधी

मुलांनो, ज्या हातानं लिहिता त्या हाताची मधली तीन बोटं मुठीत घट्ट मिटून धरा. राहिले अंगठा आणि करंगळी. आता त्या दोघांत पेन्सिल धरून आपलं नाव लिहून पाहा बरं. घाई नाही, मी थांबतो.

नाही ना जमत? शंभू महानवरालाही जमत नव्हतं. दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात, एका शुक्रवारी, शिरूरच्या एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर तो एक अर्ज मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी एक मुलगी दौंडच्या गाडीची वाट पाहत होती. खांद्याला लॅपटॉपची काळी बॅग, आणि नजर सारखी उन्हाच्या तिरपीकडे.

"मॅडम, एवढं लिवून देता का? माझं अक्षर अजून बालवाडीत हाय."

ती हसली. "आणि तुम्ही कितवीत?"

"मी नापास. म्हणून तर मास्तरीण शोधतोय."

तिनं अर्ज घेतला. तिचं नाव लेया झिराडकर. दौंडच्या रेल्वे वस्तीत वाढलेली, बेने इस्राएल घरातली. म्हणजे ज्यू धर्माची, पण बोलणं, जेवण, रुसणं सगळं मराठी. कारखान्यांतल्या यंत्रांना कधी चालायचं आणि कधी थांबायचं ते शिकवणारे प्रोग्रॅम ती लिहायची.

"नाव?"

"शंभू ज्योतिबा महानवर."

तिचं पेन थांबलं... मग पुन्हा चालू लागलं.

"आधीची नोकरी सुटण्याचं कारण?"

"लिवा, कामगाराचा निष्काळजीपणा." तो शांतपणे म्हणाला. "कंपनीनं तसंच लिवलंय. मला वाटत व्हतं, दोन्ही बटणं दाबल्याबिगर प्रेस खाली येतच न्हाई. पर यंत्र खोटं बोलत न्हाई म्हणत्यात. माझंच ध्यान नसंल."

लेयानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे साऱ्या जगात फक्त तिला ठाऊक होतं.

पत्रा दाबून आकार देणारा तो प्रेस तिनंच लावला होता. एक बटण डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबायची, म्हणजे एकही हात यंत्राखाली राहत नाही. चाचणी घेताना तिचा एक हात लॅपटॉपवर असायचा, म्हणून तिनं उजवं बटण प्रोग्रॅममधून तात्पुरतं काढलं; आता एकट्या डाव्या बटणानंही प्रेस खाली येई. तो दिवस शुक्रवारचा होता. सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागतो; त्याआधी घरी दिवा लावायचा. गाडी चुकेल म्हणून ती धावली. बटण परत घालायचं राहून गेलं.

दौंडला आईनं दिवा लावला आणि लेयाला आठवलं. कोपऱ्यावर फोनचा बूथ उघडा होता. शब्बाथला फोन करायचा नसतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर शब्बाथ मोडायचाच असतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. खरी भीती होती साहेब रागावतील याची. उद्या दिवेलागणीला करू फोन, असं म्हणून ती झोपली.

शनिवारी सकाळी नऊ वाजता शंभू उजव्या हातानं पत्रा सरळ करत होता. डावा हात डाव्या बटणावर विसावला... आणि प्रेस खाली आला.

संध्याकाळी फोन केला तेव्हा तिला अपघात आणि कामगाराचं नाव कळलं. सोमवारी जाऊन तिनं बटण गुपचूप परत घातलं. चौकशीवाल्यांना यंत्र अगदी नीट सापडलं.

स्टँडवरून ती उठून गेली असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण शंभू म्हणाला, "मास्तरीणबाई, डाव्या हातानं लिवायला शिकवाल का? माझी भाची बी शिकतीय. एका पाटीत दोन गाढवं."

ती जाऊ लागली. दर रविवारी, कारेगावला, त्याच्या घराच्या पायरीवर. भाचीचं नाव नकुशी, वय सहा. मामा आणि भाची एकाच पाटीवर आळीपाळीनं गिरवत. रस्त्यावरून कारखान्यांच्या बसगाड्या धूळ उडवत जात, आणि लेया पदरानं पाटी पुसून देई.

"तुमचा 'ग' बघा, काठी सोडून पळाला."

"तुमी समोर बसल्याव सगळंच पळतंय. मी तेवढा बसून हाय."

"मामा, तू अक्षराकडं बग की!" नकुशी ओरडायची, आणि लेयाचे कान लाल व्हायचे.

एकदा त्यानं विचारलं, "तुमची माणसं मूळची कुठली म्हणायची?"

"कोकणातली. तेल गाळायचो. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे."

"आमी मेंढरंवाले. शनिवारी मेंढरं उपाशी ठिवली तर मलाच खातील." तो हसला. "म्हंजी शनिवारी तुमी यंत्राला हातच लावत न्हाई?"

लेयाचा चेहरा उतरला. "नाही," ती म्हणाली, आणि बराच वेळ पाटी पुसत राहिली. त्यानं हळूच डाव्या हातानं ती पाटी काढून घेतली. बोटाला बोट लागलं... आणि तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

पावसाळा सरला. बेने इस्राएलांचा नव्या वर्षाचा सण झाला. त्यापासून दहाव्या दिवशी दरफाळणी येते, म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, अन्नपाणी वर्ज्य, आणि वर्षभराच्या चुका आठवून देवाची माफी मागायची. आई म्हणाली, "देवाचं देव माफ करेल, लेया. माणसाचं माणसाकडंच मागावं लागतं. दार लागायच्या आत. एकदा नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा जायचं, तिसऱ्यांदाही जायचं."

आईला काय कळलं होतं, कोण जाणे.

सोमवारी लेया कारेगावला गेली आणि तिनं सगळं सांगून माफी मागितली. बटण, दिवा, फोनचा बूथ. शंभू ऐकत राहिला.

"स्टँडवर... तवा तुमाला ठाऊक व्हतं?"

"हो."

"आन् तुमी तुमच्या हातानं लिवलं? माझा निष्काळजीपणा?"

तो उठून आत गेला.

गुरुवारी ती दुसऱ्यांदा माफी मागायला आली, एक पत्र घेऊन. दोष माझा, कामगाराचा नाही, असं लिहून तिनं सही केली होती. त्याची एक प्रत त्याच्या कंपनीला दिली होती आणि एक स्वतःच्या. तिला उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं होतं. शंभूनं पत्र दोनदा वाचलं.

"म्हंजी माझं ध्यान व्हतं."

"होतं. पूर्ण होतं."

त्याचे डोळे भरून आले. "सहा महिनं मी माझ्याच हातावर रागावून व्हतो, मॅडम... जावा तुमी आता."

'मॅडम' हा शब्द तिला सगळ्यात जास्त लागला.

रविवारी संध्याकाळी दरफाळणी लागणार होती. लेया पांढरी साडी नेसून आली. शंभू घरी नव्हता. ती पायरीवर बसली.

"मावशी, तुमची गाडी जाईल की," नकुशी म्हणाली.

"जाऊ दे."

"आन् तुमचा सण?"

"इथंच लागेल."

शंभू आला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. तिला पाहून तो थबकला.

"तिसऱ्यांदा विचारायला आले," ती म्हणाली. "तीनदा विचारलं की आमच्यात विचारणारा सुटतो. पण मला तसं सुटायचं नाही. आणखी एक... तुम्ही मला आवडता. माफीच्या बदल्यात नाही सांगत. लपवायचं काही उरू नये, म्हणून सांगते."

"मला बी..." तो म्हणाला आणि थांबला. उरलेला अंगठा त्यानं करंगळीवर घासला. "रात्री हात ठणकतो तवा तुमचं तोंड दिसतं. आन् रविवार उजाडला की बी तुमचंच दिसतं. ह्याचं काय करायचं मला कळंना. न्हाई जमत मला, लेया."

मॅडम नाही. लेया.

तो तिला वळसा घालून आत गेला. आतून आवाज आला, "नकुशे, दार लाव."

सूर्य बुडत होता. लेयानं डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना सुरू केली.

"लावलंस का गं?"

"व्हय मामा, लावते की!" नकुशी ओरडली. तिनं दाराच्या दोन्ही फळ्यांकडे पाहिलं, पांढऱ्या साडीकडे पाहिलं. मग ती उंबऱ्यावर येऊन बसली, एका फळीला पाठ टेकवली, दुसरीला दोन्ही पाय लावले आणि मांडीवर पाटी घेऊन गिरवू लागली.