भिंतीतून आलेला ठोका

खोटंच लिहायचं असतं तर मी हे रात्री घडवलं असतं. पाऊस, वीज गेलेली, कुत्रं रडतंय, सगळं घातलं असतं.

पण हे भर दुपारी घडलं. लख्ख उन्हात.

आणि यात माझा सख्खा मामा आहे. त्यामुळे विश्वास ठेवा, नका ठेवू... मला लिहायचंय.

मी आणि मामा गवंडीकाम करतो. मामाला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी घमेलं उचललं की जो सुरू व्हायचा, तो जेवतानासुद्धा बंद नाही. मामी वारली तेव्हा तर जास्तच बोलायला लागला. लोक म्हणायचे, याला काही वाटलंच नाही बहुतेक.

टेकडीवर एक छोटं चॅपल आहे, लहानसं चर्चच. त्याच्या मागच्या भिंतीला लागून दगडी खोली. तिचं दार चिणलेलं. फादरना ते उघडून हवं होतं, लोकांना आत जाऊन दर्शन घेता यावं म्हणून. कारण त्या खोलीत एक संत राहून गेला होता.

राहून म्हणजे... आत गेला आणि दार बाहेरून चिणून घेतलं. आयुष्यभरासाठी.

फादरनी आम्हाला त्याची गोष्ट सांगितली. आधी शिंपी होता म्हणे. तरुणपणीच आत बसला. एक झरोका वेदीकडे, एक बाहेर. हात जाईल एवढाच. लोक यायचे, झरोक्याला तोंड लावून आपलं दुःख सांगायचे. तो ऐकायचा. उपदेश वगैरे काही नाही. शेवटी एवढंच म्हणायचा, "इथे ठेवून जा."

कोणीतरी त्याला विचारलं होतं, माणसांचा एवढा कंटाळा आला का?

तो म्हणाला, "कंटाळा नाही. गर्दीत एकेकाचं ऐकू येत नव्हतं."

रोज सकाळी कोणीतरी पाव घेऊन यायचं. आल्यावर भिंतीवर दोनदा ठोकायचं. आतून एक ठोका यायचा. म्हणजे, आहे. अर्धा पाव तो ठेवायचा, अर्धा परत द्यायचा, चॅपलच्या दाराशी येईल त्या भुकेल्यासाठी. एके दिवशी ठोका आला नाही. लोकांनी भिंत फोडली. तो गुडघ्यांवरच होता. त्याला बाहेर काढून पुरलं आणि दार परत चिणलं.

मामा म्हणाला, "फादर, भाड्याची कटकट नाही, शेजारी नाहीत. जागा चांगली आहे. मला चालेल."

फादरही हसले.

ते गेले आणि आम्ही कामाला लागलो. आता गवंडी भिंत पाडायच्या आधी ती ठोकून बघतो. भरीव की पोकळ, आवाजावरून कळतं. हाताची सवय असते. मामाने बोलता बोलता हातोड्याच्या दांड्याने ठोकलं.

दोनदा.

आणि...

आतून एक ठोका आला.

मी मामाकडे बघितलं. मामाने माझ्याकडे.

"उंदीर," मामा म्हणाला.

"उंदराच्या हातात हातोडा आहे का?"

मामा हसला नाही. त्याने भिंतीला कान लावला. बराच वेळ तसाच उभा.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही," मामा हळू म्हणाला. "आत कोणीतरी... ऐकतंय."

मग तो भिंतीशी बोलायला लागला. हळू आवाजात. मी मागेच होतो, मला ऐकू आलं.

मामी गेली तेव्हा तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर कोणालातरी विनोद सांगत होता. नर्स बोलवायला आली तर तिला म्हणाला, थांबा, शेवट ऐकून जा. तो वर पोचला तोवर मामी गेली होती.

आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दार उघडलं. आत काहीच नव्हतं. दगडाची बैठक. जमिनीत गुडघ्यांनी झिजून पडलेले दोन खळगे. बस.

पण मी मामाला हाक मारली आणि माझ्या अंगावर काटा आला.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. सामानाने, माणसांनी भरलेल्या खोलीत घुमत नाही. हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

ती खोली रिकामी होती...

आणि माझा आवाज घुमला नाही.

मामा त्या खळग्यांत गुडघे टेकून बसला होता. गुडघे त्यात बरोब्बर बसले होते.

त्या दिवसापासून रेडिओ बंद.

घरी आई काळजीने अर्धी झाली. "दादा, काहीतरी बोल रे. शिव्या दे हवं तर."

मामा पावाचा अर्धा तुकडा खायचा. अर्धा तिच्याकडे सरकवायचा.

मग एका सकाळी तो घरात नव्हता. थापी नव्हती. सिमेंटची उघडी गोणीही नव्हती.

आई आणि मी टेकडीवर धावलो.

दार चिणलेलं होतं. सिमेंट ओलं. आमच्या बाजूला दगडांमधल्या दरजांतून सिमेंटचा माल ओघळून तसाच सुकत होता, कोणी थापी फिरवली नव्हती. बाहेर उभं राहून बांधणारा असं सोडत नाही.

भिंत आतून बांधली होती.

"मामा," मी ओरडलो.

काही नाही.

आईने दगड उचलला आणि दोनदा ठोकलं.

आतून एक ठोका आला.

मी वेड्यासारखा भिंत फोडत सुटलो. आईने नुसत्या हातांनी दगड ओढले. तिची नखं निघाली.

आत थापी होती. तिच्यावरचा माल अजून ओला होता.

मामा नव्हता.

दुसरं दार नाही. झरोका हाताएवढा. पोलिसांनी सगळं बघितलं. मलाच चार वेळा विचारलं, तो आत होता हे नक्की का?

फादरनी दार परत चिणायला सांगितलं. एकही गवंडी तयार होईना. मीच चिणलं. बाहेरून, दरजा नीट भरून.

आता आई रोज सकाळी पाव घेऊन जाते. दोनदा ठोकते. मग परत येऊन म्हणते, "आहे." एवढ्यावर तिचा दिवस निघतो. झोपही लागते तिला.

मागच्या रविवारी मी सोबत गेलो. आईने ठोकलं.

आतून एक ठोका आला. आई हसली. पाव मोडून अर्धा झरोक्यात ठेवला, अर्धा पायरीवर, आणि उतरायला लागली.

मी तिथेच होतो.

थोड्या वेळाने... आणखी एक आला.

हळू. हातोड्याच्या दांड्याने मारल्यासारखा.

मी आईला सांगितलेलं नाही. पाव एकालाच पुरेल एवढा असतो.