आतून काढलेली खूण

त्याला सगळे मेणबत्ती म्हणायचे. एक तर अंगकाठीच तशी, उभी आणि पांढुरकी. दुसरं म्हणजे चर्चमधल्या मेणबत्त्या लावायचं आणि विझवायचं काम त्याच्याकडेच होतं. घंटा वाजवणं, बाकं पुसणं, कुणी गेलं की खड्डा खणणं, हेही त्याचंच. आधी हे सगळं त्याचे बाबा करायचे. ते गेले आणि किल्ल्यांचा जुडगा याच्या कमरेला आला. माणूस वाईट नव्हता हो, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. फक्त जिवाला फार जपायचा. साधी शिंक आली तरी दिवसभर स्वतःची नाडी धरून बसायचा. लोक चेष्टेने विचारायचे, "काय मेणबत्ती, आहे ना चालू?" तो मात्र खरोखरच मनगट चाचपून सांगायचा, "आहे, आहे."

त्या चर्चची एक रीत होती. वर्षातून एकदा, थंडीत, फादर वेदीवर एक खडू ठेवायचे. आठवडाभर त्यावर प्रार्थना व्हायची आणि मग तो खडू घेऊन फादर घरोघर जायचे. प्रत्येक दाराच्या चौकटीवर, अगदी माथ्याला, एक क्रूस काढायचे. दार उघडं, घरची माणसं आत उभी, फादर बाहेर शिडीवर. "या घराला शांती असो," फादर म्हणायचे. आतली माणसं म्हणायची, "आमेन." की झालं, पुढचं दार. वर्षाला खडू एकच. आणि शेवटचं दार नेहमी शिडी धरणाऱ्याचं.

लहानपणी बाबांनी त्याला आणि ताईला हे सगळं समजावून सांगितलं होतं. "खूण बाहेरूनच काढायची बरं का. बाहेरचं बाहेर राहावं म्हणून असते ती. जित्या माणसाला ती कधी अडवत नाही. मरणाला अडवते."

"आणि आतून काढली तर?" ताईने विचारलं होतं. ती पहिल्यापासून चौकस.

"तर आतलं आतच राहील. पण आतून काढेल कोण? नसते उद्योग!"

त्या वर्षी ताप आला. साधा नव्हे. पहिल्या दिवशी अंग मोडायचं, दुसऱ्या दिवशी डोळे लाल आणि चौथ्या-पाचव्या दिवशी खेळ खलास. कुणाकुणाला तर पहाटे हुडहुडी भरायची आणि दुपारपर्यंत सगळं संपलेलं. मेणबत्ती नाकाला रुमाल बांधून खड्डे खणत होता. जीव मुठीत धरून घरी यायचा, कोट खुंटीला लावायचा आणि हात कोपरापर्यंत धूत बसायचा. कोट मात्र तोच. दुसरा होता कुठे?

खडूचा दिवस उजाडला तेव्हा लोकांना हायसं वाटलं. यालाही वाटलं. पहाटे मेणबत्त्या लावायला गेला, तर वेदीवर खडू होता. पण दरवर्षीपेक्षा बारका. याने मनातल्या मनात घरं मोजली आणि याच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटचं दार याचं. खडू पुरला नाही तर?

आता बघा, माणूस देवासमोर उभा आहे, हातात पेटती काडी आहे आणि डोक्यात काय? माझं दार. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खडूचं टोक धरलं आणि अंगठ्याएवढा तुकडा मोडला. कट्‌ असा आवाज झाला. एवढासा आवाज, पण रिकाम्या चर्चमध्ये वरपर्यंत गेला. तुकडा कोटाच्या खिशात टाकून तो स्वतःलाच म्हणाला, "देवाचंच आहे, देवाच्याच माणसाकडे जातंय."

दुपार कलेपर्यंत सगळी गल्ली झाली. शेवटी दोनच दारं उरली, ताईचं आणि त्याचं. मध्ये एक भिंत. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, शिवणकाम करायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आई गेल्यावर याला तिनेच वाढवला, याच्या शर्टाची बटणं आजही तीच लावायची.

फादर शिडीवर चढले. उभी रेघ काढली. आडवी काढायला हात वळवला आणि बोटं नुसतीच लाकडावर घासली गेली. खडू संपला होता.

"अरे देवा," फादर म्हणाले. त्यांनी बोटांवरची पूड चौकटीवर पुसून पाहिली. काही उमटलं नाही. "असं कधी झालं नव्हतं..."

खाली शिडी धरून मेणबत्ती उभा होता. त्याचा उजवा हात खिशाकडे गेला. तिथेच थांबला. आता काढला तर विचारतील, कुठून आला? आणि काढला तरी तिची एक रेघ होईल, मग माझ्या दाराला काय उरणार? हात परत शिडीवर आला.

ताई दारातून वर बघत हसली. "माझं असू द्या हो फादर, अर्धी तर अर्धी. देवाला तेवढ्यावरूनही कळेल. पण याच्या दाराला तर काहीच नाही! जन्मभर दुसऱ्यांच्या दारांना शिडी धरली बिचाऱ्याने."

"पुढच्या रविवारपर्यंत धीर धरा," फादर म्हणाले. "दुसरा खडू आजच वेदीवर ठेवतो. आठच दिवस."

फादर गेल्यावर ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नकोस रे. आठ दिवस माझ्याकडे येऊन राहतोस का? अर्धी का होईना, आहे की नाही?"

"नको ताई," तो म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

घरी आल्या आल्या त्याने दार लावलं. कडी घातली, अडसर घातला. स्टूल ओढलं. आता बाहेरून खूण काढावी, तर अख्खी गल्ली बघेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! म्हणून त्याने ती आतून काढली. चौकटीच्या माथ्यावर, आतल्या बाजूने, दाबून दाबून, एक उभी आणि एक आडवी. तुकड्याची पूड होऊन बोटातून गळेपर्यंत. बाबांचं बोलणं त्याला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं असतं तर ही गोष्ट मी सांगतच बसलो नसतो.

त्या संध्याकाळी तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला आणि ढाराढूर झोपला. कोट खुंटीवर होता.

मंगळवारी भिंतीवर टकटक झाली. तीनदा. लहानपणीचा खेळ होता तो. ताईने तीनदा ठोकायचं, म्हणजे 'जागा आहेस का?' याने दोनदा ठोकायचं, म्हणजे 'आहे.' त्याने भिंतीला कान लावला. पलीकडून खोकला आला, मग तिचा आवाज. "बाळा... जरा पाणी देतोस का? उठवत नाही रे..."

त्याने पाण्याचा तांब्या भरला, तिच्या उंबऱ्याबाहेर ठेवला, दारावर थाप मारली आणि पळत घरी आला. बुधवारीही तसंच. गेला तर कालचा तांब्या तसाच भरलेला होता. दुसरा त्याच्या शेजारी ठेवला आणि पळाला. भिंतीवर दिवसभर तीन-तीन थापा पडत राहिल्या, एकेक थाप आधीच्याहून हलकी. त्याने दोन थापा काही दिल्या नाहीत. उशी कानावर दाबून तो प्रार्थना करत होता. कुणासाठी, ते विचारू नका.

गुरुवारी पहाटे त्याला हुडहुडी भरली. अंग मोडून आलं, डोळ्यांची आग व्हायला लागली. 'थंडी आहे,' म्हणत त्याने होतं नव्हतं ते सगळं अंगावर ओढलं, वरून कोटही घेतला. मग कधीतरी डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं. अंग हलकं फूल. डोळ्यांची आग नाही, भूक नाही, तहान नाही. आयुष्यात इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने वर खुणेकडे पाहिलं आणि मनापासून देवाचे आभार मानले.

तेवढ्यात दार वाजलं. तीनदा.

"बाळा... दार उघड."

"ताई? तू... तू कशाला उठलीस? घरी जा. मी पाणी आणतो."

"पाणी नको रे आता. तुझ्या दाराला काहीच नाही, म्हणून आले. तू एकटा... मला आत घे. मी बसते तुझ्याजवळ."

दाराला पाठ लावून तो खाली बसला. डोक्यावर खूण होती आणि पाठीमागे, फळीच्या एका बोटाच्या जाडीपलीकडे, ताई होती. तिचा श्वास ऐकू येत नव्हता. शिवणयंत्राच्या तेलाचा वास मात्र फटीतून येत होता, तिच्या हातांना नेहमी यायचा तो.

"बाळा... घेतोस ना आत?"

तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं. लाज म्हणा, माया म्हणा. सात वर्षांचा असताना ताप आला होता, तेव्हा हीच बाई चार दिवस मांडीवर डोकं घेऊन बसली होती. तो उठला. अडसर काढला, कडी काढली, दार उघडलं. "ये ताई. चुकलो मी. ये..."

बाहेर कुणीच नव्हतं. रिकामी गल्ली आणि ऊन. तिच्या उंबऱ्यावर दोन भरलेले तांबे. फक्त त्याच्या उजव्या खांद्याला काहीतरी गार घासून गेलं, तेलाचा वास एकदम दाटला आणि मग घराच्या आतून यायला लागला.

त्याने घाईघाईने दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी समोरचा सुतार दार ठोकायला लागला. "मेणबत्ती, अरे ऊठ! ताई गेली रे! आत्ता दार फोडलं आम्ही. काल पहाटेच गेली म्हणतात डॉक्टर. खड्डा कोण खणणार आता?"

काल पहाटे. आणि दार वाजलं होतं काल दुपारी. याने हळूच मागे वळून घरात पाहिलं. सुतार थोडा वेळ थांबला, "भ्यायलाय, दुसरं काय," असं पुटपुटला आणि निघून गेला.

मग भिंतीवर थापा पडल्या. तीन. सावकाश. पलीकडून नव्हे. अलीकडून, त्याच्या खाटेच्या उशाशी.

तो दाराकडे धावला. दार सताड उघडलं. समोर गल्ली, पाठमोरा सुतार, सकाळचा उजेड. पाय उचलला आणि उंबऱ्याच्या वर, हवेतच, थांबला. पुढे काही नव्हतं, तरी पाय पुढे जाईना. खांदा घातला, डोकं घातलं. नाही. आणि तेव्हा, वरातीमागून घोडं, त्याला बाबांचं बोलणं आठवलं. आतलं आतच राहील. जित्या माणसाला ती अडवत नाही.

जित्या माणसाला.

सवयीने त्याची बोटं मनगटावर गेली. चाचपली. सरकवून पुन्हा चाचपली. मग दुसरं मनगट, मग गळा. "बोटं बधिर झाली असतील," तो म्हणाला. "थंडी आहे."

"दार लाव रे," मागून ताई म्हणाली. "गार वारा येतोय." आणि दार आपणच लागलं. मग ते त्याच्या हाताने उघडेना.

त्याने ओल्या फडक्याने खूण पुसली. ओली असेपर्यंत ती जायची, वाळली की पुन्हा तशीच. शनिवार संध्याकाळपर्यंत तो पुसत होता. दर वेळी त्याला वाटायचं, या वेळी गेली.

उरला रविवार. रविवारी फादर येणार होते, नवा खडू घेऊन. त्यांना एवढंच सांगायचं होतं, 'फादर, मी खडू चोरला. आतून एक खूण आहे, ती तुम्ही पुसा.' तो दाराला टेकून वाट बघत बसला. हेच वाक्य घोकत होता, शाळेतल्या मुलासारखं.

शिडीचा आवाज आला. आधी ताईच्या दाराशी. खडू लाकडावर एकदाच ओढला गेला, आडवा. मग शिडी इकडे आली.

"दार उघडत नाही तो," सुताराचा आवाज. "परवापासून हाका मारतोय. फोडायचं का?"

"भीतीने बसला असेल आत. राहू दे. बंद दाराला काढू," फादर म्हणाले. "जन्मभर शेवटी राहिला बिचारा." खडू फिरला. एक उभी रेघ, एक आडवी. "या घराला शांती असो."

आता. आता सांगायचं. त्याने छाती भरून तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने जे यायचं तेच आलं.

"आमेन."

त्याच्या कानाशी, त्याच वेळी, ताईही म्हणाली, "आमेन."

बाहेर फादर खुशीत म्हणाले, "ऐकलंस? आहे, जिवंत आहे! पण आत सोबतीला कोण बाई आहे?"

"बाई?" सुतार म्हणाला. "मला तर कुणाचाच आवाज आला नाही, फादर."

शिडी घाईघाईने उचलल्याचा आवाज आला आणि पावलं लांब गेली. मेणबत्ती दारावर दोन्ही हात आपटत राहिला. मग तेही थांबलं.

"झालं का?" ताईचा आवाज मायेचा होता, बटण लावून दोरा तोडताना असायचा तसाच. "बघू, माझ्या दाराला दिला नाहीस तो खडू दे इकडे."

"नाही गं ताई... संपला तो. पूड झाली त्याची. तुझ्या शपथेवर."

"खिशात बघ."

त्याने कोटाच्या खिशात हात घातला. खडू होता. तुकडा नव्हता. अख्खा होता, नवाकोरा आणि गार.